खडूचे ठिपके

चांगुणा आत्या वरळी कोळीवाड्यात पोरांच्या चड्ड्या शिवते.
मी तिथून तासाभराच्या चालीवर, घुमटाखाली,
अंधार करायचं काम करतो.
हुद्दा काहीही असो, काम तेवढंच:
खुर्च्या मागे कलल्या की दिवे मावळवायचे,
मराठी खेळ लावायचा,
आणि कुणाचं पोर रडलं तर दार किलकिलं करून द्यायचं.

बावीस वर्षांत ती एकदाही आली नाही.
"आबाल बगाया तिकीट?" म्हणते.

परवा मात्र तिनंच विचारलं,
दोरा दातानं तोडत,
की तुझ्या त्या खेळात सगळ्यात लांबचं काय दिसतं.
सांगता येईना.
मग तिच्याच डब्यातलं वीतभर इलॅस्टिक घेतलं,
खडूनं ठिपके दिले, एक आपण, बाकीचे ते,
आणि म्हटलं, समज, त्या टोकाच्या ठिपक्यावरून
एक मुंगी निघाली आपल्याकडे.
मुंगी म्हणजे उजेड.
थांबत नाही, दमत नाही, चाल ठरलेली.
आणि मी हे असं ओढत राहतो,
दर घटकेला थोड्या जास्त जोरानं.

ठिपके चालत कुठेच गेले नाहीत, आत्या.
मधलं वाढलं.

जवळची मुंगी पोचते,
वाटेत ताणली जाऊन लांबुडकी, लालसर.
फार लांबची चालते, चालते,
आणि तरी रोज मागेच पडते.
तिच्या तोंडातला निरोप
इथे कुणी वाचायचं नाही.

आत्यानं मशीनचं चाक तळव्यानं थांबवलं.
"मंग तू ओडतंस कशाला?"
मी नाही ओढत.
"मंग कोन?"

याचं उत्तर खेळात नाही.
खेळात एक गोड आवाज सांगतो
तेराशे ऐंशी कोटी वर्षं,
आणि त्या आरंभापाशी एक तापलेलं धुकं,
ज्याच्या आत उजेडाला वाटच सापडत नव्हती.
बरोबर आहे ते.
पण धुक्याच्या अलीकडेसुद्धा
कितीतरी दीर्घिका आहेत
ज्यांचं नुसतं बालपण आपल्या वाट्याला आलं.
त्या मोठ्या झाल्या असतील, थकल्या असतील.
आज तिथून निघालेला उजेड
कधीच, कधीच इथे येणार नाही.
आपल्याकडे त्यांची शाळेतली तसबीर तेवढी,
युगायुगानं आणखी तांबूस, आणखी संथ.
विझली असं दिसत नाही.
दिसेनाशी होते.

आत्या उठली. मागचं दार उघडलं.
भरती होती, खाऱ्या वाऱ्यानं कापडाचे तुकडे उडाले.
पलीकडे नव्या रस्त्याचे दिवे, एका ओळीत, गाड्यांसकट.
"त्यो खरक दिसतंय?"
कुठला?
"त्योच. न्हाय दिसत. भरावाखाली गेला.
त्येच्यावर माजा बापूस जाली सुकवायचा."
मग बराच वेळ काही नाही.
"आमी काय जाग्यावरशी हाललो?"

तिला मी पुढचं सांगितलं नाही.
की फार पुढे, आपलं कुणीच नसताना,
कुणी मान वर करील
तेव्हा त्याला एवढं एकच घर दिसेल, स्वतःचं,
आणि भोवती स्वच्छ काळोख.
शेजार होता याची खूण नाही,
कुणी ओढत होतं याची खूण नाही.
तो म्हणेल, हे पहिल्यापासून असंच होतं.
आणि त्याचं गणित चुकलेलं नसेल.

हातातलं इलॅस्टिक सोडलं
तर ते पुरतं परतलं नाही. जुनं होतं.
ठिपके बोटभर लांबच राहिले.
आत्यानं ते घेतलं, थुंकी लावून एक ठिपका पुसला,
उरलेले राहू दिले.
सातनंतर गिऱ्हाईक येणार होतं.
एव्हाना ते कुणातरी पोराच्या कमरेला, आतल्या बाजूनं,
शाळेला गेलं असेल.